जीएसटी कमी झाला, पण रोड बाईकची कॅसेट खरंच स्वस्त पडते का? यवतमाळच्या रस्त्यांसाठी नेमकी कोणती घ्यावी?

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि सायकलचे सुटे भाग यांच्यावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यानंतर चारच महिन्यांनी, १९ ते २३ जानेवारी २०२६ या काळात ‘पुणे ग्रँड टूर’ झाली. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या म्हणजे यूसीआयच्या २.२ दर्जाची, अनेक टप्प्यांची रोड रेस पहिल्यांदाच भारतात झाली. वाकड्या हँडलच्या, बारीक टायरच्या सायकली महाराष्ट्रभर मोबाईलवर दिसल्या आणि ‘आपणही एक रोड बाईक घ्यावी’ हा विचार अनेकांच्या डोक्यात आला.

सायकल घेताना लोक फ्रेम बघतात, रंग बघतात, ब्रेक बघतात. मागच्या चाकाला लागलेल्या दातेरी चक्रांच्या गठ्ठ्याकडे कुणी फारसं बघत नाही. या गठ्ठ्याला ‘कॅसेट’ म्हणतात. चेन आणि टायर यांच्यासारखीच ही वस्तूही झिजते आणि कधी ना कधी बदलावी लागते. पुण्या-मुंबईत ती बदलणं म्हणजे जवळच्या दुकानात जाणं. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा किंवा पांढरकवड्यात मात्र अनेकदा अमरावती किंवा नागपूर गाठावं लागतं, नाहीतर ऑनलाइन मागवून कुरिअरची वाट बघावी लागते. त्यात चुकीची आली तर परत पाठवण्याचा व्याप वेगळाच.

म्हणून प्रश्न साधा आहे. खिशाला परवडेल आणि टिकेल अशी कॅसेट कोणती? आणि कर कमी झाल्याने आपले नेमके किती पैसे वाचले? एकेक करून बघू.

आधी हे समजून घ्या : कॅसेट म्हणजे काय?

पेडल मारलं की पुढचं मोठं चक्र, म्हणजे चेनरिंग, फिरतं. चेन ती ताकद मागच्या चाकाकडे नेते. मागे एकाच वेळी ७, ८, ९, १० किंवा त्याहून जास्त चक्रं असतात. लहान चक्रावर चेन असेल तर वेग मिळतो, पण जोर जास्त लागतो. मोठ्या चक्रावर असेल तर चढ सोपा जातो, पण वेग कमी होतो. गिअर बदलणं म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर ढकलणं. हे ढकलण्याचं काम जो करतो तो डिरेलर.

कॅसेटवर ‘११-२८’ किंवा ‘११-३२’ असे आकडे असतात. पहिला आकडा सगळ्यात लहान चक्राच्या दातांचा, दुसरा सगळ्यात मोठ्या चक्राच्या दातांचा.

या बाजारात सगळ्यात मोठं नाव आहे जपानच्या शिमानो कंपनीचं. साकाई शहरात १९२१ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीचं पहिलं उत्पादनच सायकलचं फ्रीव्हील होतं. भारतात मिळणाऱ्या बऱ्याच रोड बाईकवर शिमानोचेच गिअर असतात. त्यांची नावं आणि स्पीड लक्षात ठेवले की पुढचं सगळं सोपं होतं. क्लॅरिस म्हणजे ८ स्पीड, सोरा म्हणजे ९, टियाग्रा म्हणजे १०. १०५ हा त्यावरचा गट आधी ११ स्पीडचा होता, आता त्यात १२ स्पीडही आहे. इथे ‘स्पीड’ म्हणजे मागच्या चक्रांची संख्या.

तुमच्या सायकलला मुळात कॅसेट आहे का?

हा प्रश्न विनोदी वाटेल, पण बहुतेक चुका इथेच होतात. कमी किमतीच्या अनेक गिअरच्या सायकलींना, विशेषतः ७ स्पीडवाल्यांना, कॅसेट नसतेच. त्यांना असतं ‘फ्रीव्हील’. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात आणि अनेक दुकानांत दोन्हींना सरसकट फ्रीव्हीलच म्हटलं जातं. पण एकाच्या जागी दुसरं बसत नाही.

फरक असा आहे. फ्रीव्हीलमध्ये चक्रं आणि आतली ‘कट-कट’ आवाज करणारी यंत्रणा एकत्र असते आणि ते अख्खं हबवर आट्यांनी घट्ट बसतं. कॅसेटमध्ये फक्त चक्रं असतात. आवाज करणारी यंत्रणा हबच्याच भागात असते, तिला फ्रीहब म्हणतात. कॅसेट त्या फ्रीहबच्या खाचांवर सरकवायची आणि बाहेरून एक लॉकरिंग आवळायची.

ओळखायचं कसं? मागचं चाक काढा. पान्हा बसवण्यासाठी मधोमध खाचा दिसतील. आता चक्रं उलटी फिरवा. खाचा असलेला भाग चक्रांबरोबर फिरला तर ती कॅसेट. चक्रं फिरली आणि तो भाग जागेवरच राहिला तर ते फ्रीव्हील.

टिकाऊपणाच्या दृष्टीनेही हा फरक मोठा आहे. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजव्या बाजूची बेअरिंग आत, मध्याच्या जवळ असते आणि एक्सल बाहेर बराच मोकळा राहतो. वजनदार चालक, पाठीवर बॅग आणि खड्ड्यांचा रस्ता असेल तर तो वाकू शकतो. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग बाहेरच्या टोकाजवळ असते, त्यामुळे एक्सलला आधार मिळतो. नवी सायकल घेत असाल तर दुकानदाराला हा एक प्रश्न नक्की विचारा. ७ स्पीडचं फ्रीव्हील असलेली सायकल आज स्वस्त पडेल, पण पुढे चांगले गिअर बसवायचे ठरवले तर मागचं चाकच बदलावं लागण्याची शक्यता जास्त.

महाग कॅसेट जास्त टिकते का?

नाही. ही या विषयातली सगळ्यात मोठी गैरसमजूत आहे.

महाग कॅसेटमध्ये जास्तीचे पैसे जातात ते मुख्यतः वजन कमी करण्यासाठी आणि गिअर अधिक सफाईने पडावेत यासाठी. वजन कमी करायला मोठी चक्रं ॲल्युमिनियमची किंवा टायटॅनियमची केली जातात. शिमानोच्या सगळ्यात वरच्या ड्युरा-एस गटात मोठी चक्रं टायटॅनियमची असतात. ती स्टीलपेक्षा हलकी असतात, पण झिजण्याच्या बाबतीत चांगलं स्टीलच पुढे आहे.

स्वस्त गटातल्या शिमानोच्या एचजी४१, एचजी५० (८ स्पीड), एचजी४०० (९ स्पीड) आणि एचजी५०० (१० स्पीड) या कॅसेट स्टीलच्या चक्रांच्याच आहेत. त्या वजनाला जड आहेत हे खरं. पण हा फरक पाण्याच्या एका भरलेल्या बाटलीपेक्षाही कमी भरतो. यवतमाळहून कळंबपर्यंत जाऊन येणाऱ्याला तो जाणवणार नाही. शर्यतीत शेवटच्या चढाला एकेका सेकंदासाठी झगडणाऱ्याला तो जाणवतो, म्हणून तो त्यासाठी पैसे मोजतो.

सनरेस, मायक्रोशिफ्ट, स्रॅम या कंपन्यांच्याही स्टीलच्या ८ आणि ९ स्पीड कॅसेट मिळतात आणि त्या शिमानोच्या गिअरवर चालतात. नाव न ऐकलेल्या कंपनीची, पाकिटावर मॉडेल नंबरही नसलेली कॅसेट मात्र टाळा. गिअर सफाईने पडावेत म्हणून चांगल्या कॅसेटच्या चक्रांच्या बाजूला खास उतार कोरलेले असतात आणि काही दात मुद्दाम आखूड ठेवलेले असतात. हलक्या नकलेत ते नीट नसतात. मग चढाला गिअर बदलताना चेन अडकते.

मग पैसे वाचतात कुठे? जरा हिशोब करू

आता मुद्द्यावर येऊ. जीएसटीने किती फरक पडला?

समजा एखाद्या कॅसेटची कराशिवाय किंमत १,००० रुपये आहे. १२ टक्के करासह ती १,१२० ला पडायची, ५ टक्क्यांसह १,०५० ला पडते. म्हणजे ७० रुपये वाचले. जुन्या किमतीच्या तुलनेत हे साधारण सव्वासहा टक्के झाले. अर्थात, दुकानदाराने कपात ग्राहकापर्यंत पोहोचवली तर. म्हणून बिल घ्या आणि त्यावर कर ५ टक्केच लावलाय ना, हे बघा.

सव्वासहा टक्के वाईट नाहीत. पण पूर्ण खर्चात त्याचं वजन किती, हे बघायला किलोमीटरमागचा हिशोब करावा लागेल. खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्याकडचे भाव घालून तुम्ही स्वतः हाच हिशोब करू शकता.

समजा ८ स्पीडची कॅसेट १,५०० रुपयांना आणि चेन ९०० रुपयांना मिळते. चेन ३,००० किलोमीटर चालते आणि एका कॅसेटवर चार चेन निघतात. म्हणजे १२,००० किलोमीटरसाठी चार चेनचे ३,६०० आणि कॅसेटचे १,५०० असे एकूण ५,१०० रुपये. किलोमीटरमागे साडेबेचाळीस पैसे.

आता ११ स्पीड घ्या. कॅसेट समजा ५,००० ला आणि चेन २,२०० ला. तेवढ्याच १२,००० किलोमीटरसाठी चार चेनचे ८,८०० आणि कॅसेटचे ५,००० मिळून १३,८०० रुपये. किलोमीटरमागे १ रुपया १५ पैसे.

वर्षाला ५,००० किलोमीटर चालवणाऱ्यासाठी पहिला खर्च २,१२५ रुपये, दुसरा ५,७५० रुपये. म्हणजे फरक ३,६२५ रुपयांचा. आणि जीएसटी कपातीमुळे पहिल्या खर्चात किती वाचले? सव्वासहा टक्क्यांनी धरले तर वर्षाला साधारण १३० रुपये.

थोडक्यात काय, तर सरकारने कमी केलेल्या करापेक्षा तुम्ही किती स्पीडची सायकल घेता, यावर खर्च कितीतरी जास्त अवलंबून आहे. आणि हा निर्णय कॅसेट घेताना होत नाही, सायकल घेतानाच होतो. कारण नंतर स्पीड बदलायचे म्हणजे शिफ्टर, डिरेलर आणि चेन सगळंच बदलावं लागतं.

‘चेन वेळेवर बदला, कॅसेट वाचेल’ हे कितपत खरं?

सायकलवाल्यांच्या ग्रुपमध्ये हा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा नाही, पण अर्धाच आहे.

आधी कारण समजून घ्या. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर असतं. कॅसेटचे दात याच अंतराने कापलेले असतात. पिना झिजल्या की हे अंतर किंचित वाढतं. याला आपण ‘चेन वाढली’ म्हणतो. वाढलेली चेन दाताच्या बुडाशी बसत नाही, वर सरकते आणि दाताचा आकार बदलत जाते. मग कॅसेटही त्या झिजलेल्या चेनच्या मापाची होते. अशा कॅसेटवर नवी चेन लावली की ती जोर पडताच घसरते.

म्हणून चेन वेळेत बदलली तर कॅसेट जास्त चालते, हे खरं. पण पैशाच्या हिशोबात बघा. वरच्याच उदाहरणात कुणी काहीच न बदलता कॅसेट आणि चेन एकत्र ६,००० किलोमीटर चालवली आणि मग दोन्ही फेकून दिल्या, तर खर्च २,४०० रुपये, म्हणजे किलोमीटरमागे ४० पैसे. चार चेन वापरणाऱ्याचा खर्च होता साडेबेचाळीस पैसे. म्हणजे ८ स्पीडमध्ये फरक जवळपास नाहीच!

मग चेन वेळेवर का बदलायची? तीन कारणं आहेत.

पहिलं, झिजलेली चेन पुढच्या चेनरिंगही खाते आणि त्या बदलणं महागात पडतं. स्वस्त क्रँकमध्ये अनेकदा चेनरिंग वेगळ्या शोधण्यापेक्षा पूर्ण क्रँकच बदलणं सोपं पडतं.

दुसरं, जोर लावलेला असताना चेन घसरली तर तोल जातो. उभं राहून पेडल मारताना आणि मागून ट्रक येत असताना हे धोक्याचं आहे.

तिसरं कारण आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचं. चेन मोजत राहिलात तर पुढचा भाग कधी लागणार हे आधीच कळतं. सुटा भाग यायला आठवडा लागत असेल, तर सायकल बंद पडण्याआधी तो घरात असायला हवा. नागपूरकडे होणाऱ्या बीआरएम राईडमध्ये भाग घेणाऱ्यांना याचं महत्त्व माहीत असतं. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे आणि ठरलेल्या कंट्रोल पॉइंटशिवाय बाहेरून मदत घ्यायची नाही, असा नियम असतो. तिथे वाटेत चेन घसरायला लागली की मेहनत वाया जाते.

चेन मोजायला महागडं साधन लागत नाही. स्टीलची फूटपट्टी घ्या. चेन ताणलेली असताना एका पिनेच्या मधोमध पट्टीचा शून्य ठेवा आणि तिच्यापुढची २४वी पिन बघा. नव्या चेनमध्ये ती ३०५ मिलिमीटरच्या किंचित आत येते. ८, ९ किंवा १० स्पीडमध्ये हे माप ३०७ च्या आसपास गेलं की चेन बदला. ११ स्पीडमध्ये ३०६ ओलांडलं की बदला. ३०८ झालं असेल तर कॅसेटही गेली असं समजा आणि दोन्ही एकत्र मागवा.

सगळ्यात स्वस्त उपाय : चिंधी आणि वंगण

दोन्ही वस्तू एकदम जास्त टिकाव्यात असं वाटत असेल तर मार्ग एकच, स्वच्छता.

समजा नियमित पुसल्यामुळे चेन ३,००० ऐवजी ४,००० किलोमीटर चालली आणि त्याच प्रमाणात कॅसेटही. मग ५,१०० रुपयांत १६,००० किलोमीटर निघतील. खर्च ४२.५ पैशांवरून ३२ पैशांवर येतो. वर्षाला ५,००० किलोमीटरमागे ५०० रुपयांहून जास्त वाचतात. जीएसटीने वाचवलेल्या रकमेच्या चौपट!

यवतमाळ जिल्ह्यात हे जास्त लागू पडतं. पावसाळ्यात शेतरस्त्यावरून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती डांबरी रस्त्यावर पसरते. ती चेनला चिकटते आणि वाळली की निघत नाही. वणी भागात कोळशाच्या वाहतुकीची भुकटी असते. उन्हाळ्यात रस्त्याकडेची धूळ तेलात मिसळून पॉलिश पेपरसारखं काम करते. चेन काळी कुळकुळीत दिसते तेव्हा त्यात तेल कमी आणि घासणारी पूड जास्त असते.

काय करायचं?

पावसातून किंवा चिखलातून आल्यावर त्याच दिवशी चेन कोरड्या फडक्याने पुसा. पेडल उलटं फिरवत फडक्यातून चेन जाऊ द्या.

दोन-तीनशे किलोमीटरनंतर जुन्या टूथब्रशने आणि थोड्या रॉकेल किंवा डिझेलने चेन आणि कॅसेट साफ करा. नंतर पूर्ण कोरडी होऊ द्या. हे करताना डिस्क ब्रेकच्या तबकडीवर किंवा रिमवर थेंबही पडू देऊ नका, ब्रेक लागणार नाहीत.

वंगण प्रत्येक जोडावर एक थेंब, एवढंच. दहा मिनिटांनी वरचं पुसून टाका. वंगण आत हवं, बाहेर फक्त धूळ चिकटते. गाडीचं जळलेलं इंजिन ऑइल वापरू नका, त्यात आधीच धातूची पूड असते.

मोटरसायकल धुणाऱ्या प्रेशर पंपाने हबवर पाणी मारू नका. पाणी फ्रीहबच्या आत जातं, ग्रीस धुऊन काढतं आणि मग कॅसेटऐवजी हबचाच खर्च येतो.

यवतमाळच्या रस्त्यांना किती दाती बरी?

वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या बाजूला जिल्हा बऱ्यापैकी सपाट आहे. मधला आणि पुसदकडचा भाग डोंगराळ. पुसदहून कोणत्याही दिशेला निघालात तरी चढ लागतो. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या माहूरगडावर सायकल नेणाऱ्यांना तर तो चांगलाच माहीत असेल.

परवडणाऱ्या रोड बाईकला पुढे बहुधा ५० आणि ३४ दातांच्या दोन चेनरिंग असतात. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर धरला, तर ३४ च्या चेनरिंगवर आणि मागे २८ च्या चक्रावर मिनिटाला ६० पेडल मारले की वेग ९ किलोमीटरच्या थोडा वर येतो. मागे ३२ असेल तर तेवढ्याच पेडलिंगला ८ किलोमीटर. म्हणजे त्याच चढावर पायाला कमी जोर लागतो आणि गुडघे वाचतात.

दुसऱ्या टोकाला बघा. ५० आणि ११ वर मिनिटाला ९० पेडल मारले तर वेग ताशी ५१ किलोमीटरच्या वर जातो. सपाटीवर एकट्याने हा वेग बहुतेकांना झेपत नाही. म्हणजे ११ दातांचं चक्र उतारावरच कामाला येतं. ३२ दातांचं मात्र प्रत्येक लांब चढाला लागतं.

पण ३२ ची किंमतही मोजावी लागते. ८ स्पीडच्या ११-२८ मध्ये चक्रं ११, १३, १५, १७, १९, २१, २४, २८ अशी असतात. ११-३२ मध्ये ११, १३, १५, १८, २१, २४, २८, ३२. म्हणजे १५ नंतर थेट १८. समोरून वारा असताना सपाट रस्त्यावर ‘हा गिअर जड, तो हलका’ असं होतं. वणी-मारेगावकडे, नदीकाठच्या सपाटीवरच जास्त चालवत असाल तर ११-२८ पुरे. यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद पट्ट्यात किंवा नव्याने सुरुवात करत असाल तर ११-३२ घ्या.

घेण्याआधी डिरेलरची मर्यादा मात्र बघा. क्लॅरिसच्या सध्याच्या आर२००० डिरेलरचे दोन प्रकार आहेत. आखूड पिंजऱ्याचा जास्तीत जास्त ३२ दात पेलतो, लांब पिंजऱ्याचा ३४. तसंच २८ वरून ३२ वर जात असाल तर जुनी चेन आखूड पडू शकते. पुढचं मोठं आणि मागचं मोठं चक्र एकदम लागलं की डिरेलर ओढला जाऊन तुटतो. म्हणून चेनची लांबी नव्याने मोजा.

एमटीबीची कॅसेट रोड बाईकला चालते?

चालते, आणि हीच गोष्ट छोट्या शहरात कामाची आहे. शिमानोच्या ८, ९ आणि १० स्पीडमध्ये रोड आणि एमटीबी कॅसेटच्या चक्रांमधलं अंतर सारखंच असतं. स्पीड तेवढेच असतील आणि मोठं चक्र डिरेलरच्या मर्यादेत असेल तर ती बिनधास्त बसवा. जिथे रोड बाईक फारशा विकल्या जात नाहीत, तिथे एमटीबीचे भाग सापडण्याची शक्यता जास्त. दुकानात ‘रोड बाईकची कॅसेट’ मागण्याऐवजी ‘८ स्पीड, ११-३२, शिमानो एचजी’ असं नेमकं मागा.

जुनी ११ स्पीडची चाकं घेतली असतील आणि त्यावर ८, ९ किंवा १० स्पीडची कॅसेट बसवायची असेल तर आत १.८५ मिलिमीटरचा स्पेसर लागतो. ११ स्पीडच्या रोड हबचा फ्रीहब तेवढा रुंद असतो. स्पेसर विसरला तर लॉकरिंग आवळूनही कॅसेट हलत राहते.

८ आणि ९ स्पीडचे भाग पुढे मिळतील का?

ही चिंता नवी आहे आणि तिला कारण आहे. शिमानोने ‘क्यूज’ नावाचा नवा गट आणलाय. आधी तो सरळ हँडलच्या सायकलींसाठी होता. २०२५ मध्ये कंपनीने तो वाकड्या हँडलच्या सायकलींसाठीही जाहीर केला. क्लॅरिस, सोरा आणि टियाग्राची जागा हळूहळू हा गट घेईल अशी दिशा आहे. त्यातल्या ‘लिंकग्लाइड’ कॅसेटचे दात जाड आहेत आणि त्या तिप्पट टिकतात असा कंपनीचा दावा आहे.

टिकाऊपणा हवा असलेल्या ग्राहकासाठी ही चांगली बातमी आहे. पण एक सापळाही आहे. लिंकग्लाइड कॅसेट नेहमीच्या एचजी फ्रीहबवर बसते, मात्र जुन्या १० किंवा ११ स्पीडच्या शिफ्टर-डिरेलरबरोबर गिअर नीट पडत नाहीत. ‘बसली म्हणजे चालेल’ असं समजून ऑनलाइन मागवलीत तर पैसे अडकतील. पूर्ण सायकलच क्यूजची घेत असाल तर प्रश्न नाही.

८ आणि ९ स्पीडबद्दल फार घाबरण्याचं कारण मात्र नाही. या स्पीडच्या सायकली जगभर इतक्या चालू आहेत, आणि शिमानोशिवाय इतक्या कंपन्या त्यांचे भाग बनवतात, की कॅसेट आणि चेन लगेच बाजारातून गायब होणार नाहीत. शिफ्टर आणि डिरेलरची गोष्ट वेगळी, ते आधी दुर्मीळ होऊ शकतात. पण ते कॅसेटसारखे भराभर झिजतही नाहीत.

बदलणार कोण?

जिल्ह्यात सायकल नवी नाही. मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळतात, गावागावांत त्या दुरुस्त करणारे कारागीर आहेत. त्यांचा हात तयार आहे. अडतं ते फक्त हत्याराशी.

कॅसेट काढायला दोन हत्यारं लागतात. एक, लॉकरिंगच्या खाचांत बसणारा खास सॉकेट. दोन, चक्रं धरून ठेवणारा ‘चेन व्हिप’. सॉकेट विकतच घ्यावा लागतो. चेन व्हिप मात्र लोखंडी पट्टीला जुन्या चेनचा तुकडा जोडून कोणताही वेल्डर बनवून देईल. चार-पाच सायकलस्वारांनी मिळून एक संच घेतला आणि ओळखीच्या मिस्त्रीकडे ठेवला तर सगळ्यांचंच काम होतं, त्याचीही मिळकत वाढते. लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला आवळायची असते. टॉर्क पान्हा नसेल तर हातभर लांब पान्ह्याने चांगला घट्ट आवळा, हातोडी मात्र वापरू नका.

तर शेवटी घ्यायचं काय?

नवी सायकल घेत असाल तर फ्रीहब असलेली ८ किंवा ९ स्पीडची घ्या. शर्यतीत उतरायचं नसेल तर ११ स्पीडसाठी जास्तीचे पैसे मोजण्याची गरज नाही.

सायकल आधीच आहे, तर जेवढे स्पीड आहेत तेवढ्याच स्पीडची, स्टीलची, मॉडेल नंबर असलेली कॅसेट घ्या. चढ असतील तर ११-३२, सपाटी असेल तर ११-२८.

मागवण्याआधी पाच गोष्टी कागदावर लिहा : कॅसेट की फ्रीव्हील, स्पीड किती, मोठ्या चक्राचे दात किती, डिरेलरची मर्यादा किती, चेनचं माप किती. कॅसेटबरोबर चेनही मागवा आणि पुढची एक चेन घरात ठेवा. बिलावर ५ टक्के जीएसटी तपासा.

आणि पावसाळा सुरू होण्याआधी, म्हणजे मे महिन्यातच, चेन एकदा फूटपट्टीने मोजून घ्या. जूनमध्ये रस्त्यावर चिखल आल्यावर भाग मागवण्यापेक्षा तेव्हा मागवलेले बरे.